परीक्षकाची कोरी पाटी

१९३५ साली टेक्सासच्या वायली कॉलेजातल्या काळ्या पोरांनी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गोऱ्या संघाला वादविवादात लोळवलं. (२००७ च्या सिनेमात तिथं हार्वर्ड दाखवलंय. सिनेमावाल्यांना मोठं नाव लागतं.) पण वायलीला स्वतःला विजेते म्हणवून घेता आलं नाही. का? तर वादविवादाच्या मंडळात काळ्यांना सभासदत्वच नव्हतं. जिंकले, पण वहीत नोंद नाही.

वही कुणाच्या हातात, हा प्रश्न तेव्हापासूनचा. तिथल्या कॉलेजांच्या 'पॉलिसी डिबेट'मध्ये परीक्षक खरोखरच लिहीत बसतो. कागदावर उभे रकाने पाडतो, एकेका भाषणाला एकेक रकाना. मुद्दा आला की लिहायचा, त्याचं उत्तर पुढच्या रकान्यात. ज्याला उत्तरच आलं नाही, तो मुद्दा समोरच्यानं मान्य केला असं धरायचं. म्हणून पोरं मिनिटाला ३०० च्या वर शब्द ओकतात. एक मुद्दा सुटला की मेलो! ऐकणाऱ्याला वाटावं, लिलाव चाललाय. वक्त्याला गुण वेगळे देतात; जिंकलं कोण, ते रकाने सांगतात.

आणि परीक्षक वर म्हणतो, मी डोक्यात काही घेऊन येत नाही, माझी पाटी कोरी. साफ झूट. कुठल्या बोलण्याला मुद्दा म्हणायचं, हे ठरवणारं डोकं कोरं कसं असेल? २०१३ साली एम्पोरिया स्टेटचे रायन वॉश आणि एलायजा स्मिथ हे दोन काळे गडी राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत उभे राहिले. त्या वर्षीचा विषय ऊर्जानिर्मिती. हे बोलले, या वादविवादाच्या दुनियेत काळ्या माणसाला घर आहे का यावर. जिंकले, ३ विरुद्ध २. तीच भाषणं, तेच रकाने, आणि पाच डोक्यांत दोन निकाल. ते दोघे बेइमान होते असं मी म्हणत नाही. विषय सोडून बोललात तर समोरच्यानं तयारी कशाची करायची, हा सवाल खोटा नाही. पण विषय कुणी ठरवला, हा सवालही खोटा नाही. २०१४ साली टाउसनच्या दोन काळ्या पोरी सीडा या दुसऱ्या राष्ट्रीय स्पर्धेत जिंकल्या, आणि मग बोंब उठली. वेगळी स्पर्धा काढायच्या गोष्टीही त्या काळात झाल्या. आपल्याकडं विहीर बाटली की दुसरी खणायचे, तसंच.

एक मात्र तिथून उचलावं असं आहे. परीक्षक आपली मतं आधीच लिहून जाहीर करतो, संघ त्यावरून पसंतीक्रम लावतात, आणि फेरी संपल्यावर तो सगळ्यांसमोर कारणं देतो. पोरं उलट विचारतात. (पसंतीक्रमातही खोट आहे. ज्याला काळा परीक्षक नको, तो त्याला गुपचूप तळाला ढकलू शकतो.)

आपल्या करंडकांत काय चालतं? तीन पाहुणे, तीन कागद, चहा, आणि निकाल. कारण कुणी विचारत नाही. कागदावर मांडणीशेजारी भाषा नि उच्चार यांचे गुण असतात, आणि खरी गोम तिथंच. समजा आपला एक पोरगा १९२७ च्या महाडवर बोलला. मुद्द्यात तोड नाही. पण चवदार तळ्याचं 'पानी' म्हणाला. गेले गुण! समोरचा काहीच न बोलता नुसता 'पाणी' म्हणून जिंकला. राव, तळं आमचं की ण आमचा, एकदा ठरवा.

दयेचे गुण नकोत. आम्हाला उत्तर न आलेला मुद्दा असेल, तर तो लिहून दाखवा, आम्ही हार मानू. उच्चाराचे गुण हवेतच तर त्यांचं वेगळं बक्षीस काढा. वादाच्या निकालात ते मिसळू नका. पुढच्या स्पर्धेला नाव घालताना हे आयोजकांकडून आधी कबूल करून घ्या. नाही म्हणाले, तर निकालानंतर उठून कागद मागा.