नागली, बिस्किटे आणि चवीचा अधिकार

खेड्यातल्या माणसाने काय खावे, याविषयी शहरातल्या माणसाची मते नेहमीच तयार असतात. आदिवासी भागाबद्दल तर विशेषच. अशा मतांचे दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, ही माणसे आपल्या भाकरी-चटणीला चिकटून बसतात, नवे काही खाऊन पाहत नाहीत, त्यांना आहारशास्त्र शिकवले पाहिजे. दुसरा म्हणतो, या माणसांनी आपले सकस अन्न टाकून बिस्किटे आणि नूडल्स जवळ केल्या, त्यांना त्यांची परंपरा परत शिकवली पाहिजे. दोन्ही पक्षांना आपण परस्परविरोधी आहोत असे वाटते. प्रत्यक्षात दोघांचे म्हणणे एकच आहे: शिकवणारे आम्ही, शिकायचे त्यांनी.

नाशिकहून गिरणाऱ्यावरून वाघेरा घाट ओलांडला की हरसूल येते. कोकणा, वारली, महादेव कोळी यांचा हा मुलूख. भात, नागली, वरई, उडीद, खुरासणी ही इथली पिके. नागलीची भाकर, उडदाचे भुजे, खुरासणीची चटणी आणि पावसाळ्यात रानभाज्या हे इथले ओळखीचे जेवण. आठवडे बाजारात याच धान्याशेजारी पाच रुपयांचे बिस्किटपुडे आणि रंगीत कुरकुऱ्यांच्या माळा लटकलेल्या असतात. बाहेरून आलेला पाहुणा एवढे पाहतो आणि परतीच्या वाटेवर संस्कृतीच्या ऱ्हासावर लेख जुळवू लागतो.

त्या लेखातला पहिला शब्द बहुधा 'पारंपरिक' हा असतो. म्हणून आधी त्याचीच झडती घेऊ. मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, मका हे सारे अमेरिका खंडातून आलेले पाहुणे आहेत. उपासाला चालणारा साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तो कसावाही तिथलाच. 'बटाटा' आणि 'पाव' हे शब्द तर आपण पोर्तुगीजांकडून घेतले. उपासाच्या ताटात साबुदाणा, बटाटा, मिरची आणि दाण्याचे कूट एकत्र येतात तेव्हा आपण मनोभावे दक्षिण अमेरिकेची पूजा करत असतो. आणि खुद्द नागली? तीही पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ प्रदेशातून हजारो वर्षांपूर्वी इकडे आली. खुरासणीचे मूळ इथिओपियाकडचे मानले जाते. म्हणजे ज्या माणसांना आपण 'नवे न स्वीकारणारी' म्हणतो, त्यांच्या पूर्वजांनी परक्या खंडातले धान्य उतारावरच्या हलक्या जमिनीत रुजवले, त्याची वाणे जपली, चवी घडवल्या. नवे स्वीकारण्याचा याहून मोठा दाखला कोणता हवा?

तेव्हा वाद नव्या-जुन्याचा नाहीच. वाद आहे निवडीचा. नवा पदार्थ आणून पाहणे ही शहरी मध्यमवर्गाची हौस आहे. ओट्स आवडले नाहीत तर डबा फडताळात मागे सरकतो, एवढेच. ज्या घरात महिन्याचे धान्य मोजूनमापून येते, तिथे फसलेला प्रयोग म्हणजे एक उपाशी रात्र. अशा घरातली बाई ओळखीच्या अन्नाला धरून राहते, तो तिचा मागासपणा नव्हे, हिशेब आहे. आणि तीच बाई रडणाऱ्या पोराच्या हातात पाच रुपयांचा पुडा देते, तोही हिशेबच. त्या पुड्याला ना दळण लागते, ना सरपण.

नागलीला मात्र सगळे लागते. राब भाजायचा, रोपे करायची, भर पावसात उतारावर लावणी करायची, कणसे हाताने कापायची, झोडपायची, पाखडायची, दळायची. यातली बहुतेक कामे बायकांच्या वाट्याची. परंपरेचे गोडवे गाणारा पक्ष या कष्टांबद्दल एक अवाक्षर काढत नाही. दुसऱ्याच्या कंबरेवर उभी असलेली परंपरा जपायला आपले काय जाते?

आता सरकारकडे पाहू. 2018 मध्ये केंद्राने या भरड धान्यांचे 'पौष्टिक धान्य' असे नवे बारसे केले. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्याच प्रस्तावावरून 2023 हे त्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले. त्याच वर्षी 1 जानेवारीपासून अन्नसुरक्षा कायद्याखालचे धान्य फुकट झाले. हे धान्य म्हणजे मुख्यतः तांदूळ आणि गहू. भुकेल्याला फुकट धान्य मिळाले ते योग्यच झाले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या धान्याचा गौरव झाला ते स्वतः राबून पिकवायचे आणि ज्याचा गौरव झाला नाही ते विनामूल्य मिळणार, असे असताना माणूस काय निवडेल, हे सांगायला पंडित लागत नाही. त्यावर 'आदिवासींनी नागली सोडली' म्हणून गळा काढणे हा निव्वळ कांगावा आहे.

कायदा आड येतो म्हणावे तर तसेही नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ आणि गव्हाबरोबर भरड धान्यही आहे. त्याचा दर किलोला एक रुपया, म्हणजे तिघांत सर्वांत कमी ठरवला होता. कर्नाटक हमीभावाने नाचणी विकत घेते आणि रेशनवर देते. 2023-24 साठी नाचणीचा हमीभाव क्विंटलला 3,846 रुपये होता. हरसूलच्या उतारावरची नागली त्या वर्षीच्या हमीभावाने गावातच विकत घ्यावी, मळणी-दळणाची यंत्रे गावात आणावीत, आणि रेशनच्या दुकानात तांदूळ, गहू, नागली तिन्ही ठेवून काय न्यायचे ते बाईला ठरवू द्यावे. एवढे झाले की मग तिने काय निवडले याची चर्चा करू.

तोवर निदान एक लबाडी थांबवावी. 1972 च्या दुष्काळात आयात केलेला लाल मिलो महाराष्ट्राने नाक मुरडत खाल्ला. तो खाणाऱ्यांना कोणी 'प्रयोगशील' म्हटले नाही, कारण त्यांच्यापुढे दुसरे काही नव्हते. ज्याच्यापुढे पर्यायच नाही, त्याच्या ताटातल्या नव्याला आधुनिकता म्हणू नये आणि जुन्याला परंपराही म्हणू नये. शंभर ग्रॅम नागलीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते हे हरसूलला सांगायला जाण्याआधी, ती नागली हरसूलच्या दुकानात का नाही, याचे उत्तर आपण शोधावे. चवीचे बोलणे त्यानंतरचे.