चंपीची गाठ
शेजारच्या म्हाताऱ्या चंपी कुत्रीच्या सडाजवळ सुपारीएवढी गाठ दिसली आणि ‘वयच झालं तिचं’ सुरू झालं. वय हा आजार नव्हे! नसबंदी न झालेल्या कुत्रीला स्तनाचा कर्करोग होऊ शकतो, पण अशा पुष्कळ गाठी साध्याही निघतात. नमुना तपासल्याशिवाय कळत नाही. आपल्या जुन्नर-आंबेगावात माणिकडोहच्या निवारा केंद्रात म्हाताऱ्या बिबट्यांवरही उपचार होतात. मग त्याच बिबट्यांवर भुंकत इतकी वर्षं उसाकडेला जागलेल्या चंपीला डॉक्टर का नको? भाकरीचा वास तर ती अजून गल्लीच्या टोकावरून ओळखते. निदान होईपर्यंत रात्री तिला घरात घ्या. मंदावलेलं कुत्रं बिबट्याला सहज सापडतं. आणि आपली अंगदुखीची गोळी तिला चुकूनही देऊ नका, कुत्र्यांना ती बाधते.