लंगडणे थांबले म्हणजे पाय बरा झाला का?

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी गावात वरात निघाली की नवरदेवाकडे जरा उशिरा पाहा. आधी त्याच्या घोडीच्या पुढच्या पायाकडे पाहा. ज्याला आपण तिचा गुडघा म्हणतो तो खरे म्हणजे तिचे मनगट. त्याखालचा सारा भाग म्हणजे तिचा पंजा, आणि त्यातही एकाच बोटावर ती उभी असते! मनगटाखाली हाताने चाचपले तर मांस जवळजवळ लागतच नाही. नळीच्या हाडामागे दोन दोऱ्या तेवढ्या लागतात. या दोऱ्या म्हणजे कंडरा. वरच्या स्नायूंची ओढ त्या खुरापर्यंत पोहोचवतात.

घोडा भरधाव पळतो तेव्हा यांतली वरची, म्हणजे कातडीलगतची कंडरा सुमारे १६ टक्क्यांपर्यंत ताणली जाते. ३० सेंटीमीटरची दोरी जवळजवळ ५ सेंटीमीटरने लांबावी, तसे हे झाले. पाय उचलताच ती आखडते आणि साठवलेली शक्ती परत देते, म्हणूनच घोडा इतक्या सहज दौडतो. पण ही सोय महागात पडते. आणखी थोडा ताण पडला की तिचे तंतू तुटतात. मुंबईच्या महालक्ष्मीला किंवा पुण्याला शर्यतीचे जे घोडे पळतात, त्यांच्या मोठ्या दुखापतींत ही एक नेहमीची.

आपले खापा कन्हान नदीच्या काठचे, हातमागासाठी जुन्या काळापासून ओळखले जाणारे गाव. तिथल्या कोष्ट्याला कंडरा समजावून सांगावी लागणार नाही. मागावरचे उभे धागे जसे एकमेकांना समांतर आणि सारख्या ताणावर असतात, तसेच कंडरेतले कोलॅजेनचे तंतू असतात. मधले चार धागे तुटले तर विणकराला ते लगेच दिसतात. कंडरेतले दिसत नाहीत, कारण त्यांच्यावर कातडी आहे. क्ष-किरणांच्या चित्रात हाड स्पष्ट उमटते, पण कंडरेच्या आत काय तुटले ते कळत नाही.

इथे श्राव्यातीत ध्वनी उपयोगी पडतो. आपल्या कानाला सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कंडरा पाहण्यासाठी ७५ लाख किंवा त्याहून अधिक कंपने वापरतात. मऊ ऊतकांत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर असतो. आता तुम्हीच भागाकार करा. तरंगलांबी ०.२ मिलिमीटर येते, म्हणजे इतके बारीक तपशील टिपण्याची आशा धरता येते. एवढी जलद कंपने शरीरात खोलवर जात नाहीत हे खरे, पण कंडरा कातडीखालीच असल्याने त्याची अडचण होत नाही. १ सेंटीमीटर खोल जाऊन प्रतिध्वनी परत यायला सेकंदाचे १० लाख भाग केले तर त्यांतले १३ भाग पुरतात. केस भादरून पायाला चिकट लेप लावतात, कारण मध्ये हवा राहिली तर ध्वनी तिथूनच परत फिरतो. निरोगी कंडरा पांढऱ्या समांतर रेघांची दिसते. तंतू तुटून तिथे रक्त व पाणी साचले असेल तर मधोमध काळे भोक दिसते.

मात्र यंत्र धरणारा हात कच्चा असेल तर तेच यंत्र फसवते. ध्वनी कंडरेवर काटकोनात पडला नाही, थोडा तिरपा गेला, तर धडधाकट कंडराही काळी दिसते. म्हणून दुसऱ्या पायाशी ताडून पाहावे लागते.

तुम्ही म्हणाल, पाय सुजला, गरम लागला, जनावर लंगडले की दुखापत कळतेच, मग यंत्र कशाला? प्रश्न रास्त आहे. दुखापत झाली हे पुष्कळदा हातालाच कळते. यंत्राचे खरे काम त्यानंतरचे आहे. काही आठवड्यांत सूज उतरते, लंगडणे थांबते, मालकाला वाटते की झाले बरे. आत मात्र भोक बुजलेले नसते. भरून येणारे नवे तंतू आधी अस्ताव्यस्त असतात. ते ताणाच्या दिशेने रांगेत यायला ९ महिने, वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. आणि गाठ मारलेला धागा मूळ धाग्यासारखा ताणत नाही. या मधल्या काळात जनावर पळवले की पाय पुन्हा तिथेच किंवा शेजारी तुटतो. विश्रांती केव्हा संपवायची, हे ठरवायला दर दोन-तीन महिन्यांनी काढलेले चित्र लागते.

आता माझे म्हणणे. ही तपासणी शर्यतीच्या घोड्यापुरती का राहावी? खाप्याच्या शिवारात घोड्यापेक्षा बैलाच्या पायावर अधिक संसार उभे आहेत. बैलाच्या कंडरेला खाली दोन खुरांसाठी दोन फाटे फुटतात, एवढा फरक सोडला तर गोष्ट तीच. नांगराचा फाळ लागून मागच्या पायाची कंडरा कापली जाते, ती दुखापत तर बैलाचीच. विदर्भातल्या शंकरपटात बैल जिवाच्या आकांताने धावतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंद केलेल्या या शर्यतींना २०२३ मध्ये सशर्त मान्यता मिळाली. पटापूर्वी पशुवैद्यकाने बैल तपासायचा असतो. ज्या बैलाचा पाय आधी एकदा दुखावला होता, त्याची कंडरा आतून पाहिल्याशिवाय त्याला पटात उतरवू नये, असे मला ठामपणे वाटते.

खर्चाचे काय? गाई-म्हशी गाभण आहेत की नाहीत हे पाहायला पशुवैद्यक जे हातात धरण्याजोगे यंत्र वापरतात, त्याच्याच सरळ पट्टीच्या शोधकाने कंडराही पाहता येते. म्हणजे अडते ते यंत्रापाशी कमी, सवयीपाशी अधिक. नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासून डॉक्टर घडवीत आहे आणि खाप्याहून ते फार लांब नाही. तालुक्याच्या डॉक्टरांना तिथे बैलाच्या पायाचे थोडे शिक्षण देता येईल.

अवघड भाग पुढेच आहे. चित्रात भोक दिसले आणि पेरणी तोंडावर असली, तर एकच जोडी असलेल्या शेतकऱ्याने बैल वर्षभर दावणीला कसा बांधावा? यंत्राकडे याचे उत्तर नाही. निदान त्याला हलक्या कामावर ठेवणे, भाड्याने जोडी किंवा ट्रॅक्टर मिळवून देणे, यात गावाने हात द्यायला हवा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण हळद-लोणी लावून बैलाचे खांदे शेकतो. यंदा खांदे शेकून झाले की खाली वाका आणि चारही पायांच्या नळ्या मागच्या बाजूने हळूच चाचपून पाहा. मात्र आधी घरच्या मोठ्यांना सोबत घ्या, आणि मागच्या पायांशी जपून. एखादी नळी दुसरीपेक्षा जाड किंवा गरम लागली तर डॉक्टरांना तेवढे जरूर सांगा.