तुम्ही कुठल्या?

खुर्चीत टेकायच्या आधीच आजींनी विचारलं, "बाई, तुमी कुठल्या म्हनायच्या?"

मी गाव सांगितलं. सीनेच्या काठचं, माढ्याहून एसटीने अर्ध्या तासावरचं. मग आडनाव. मग माहेरचं आडनाव. मग "मालक काय करत्यात?" हे सगळं पदरात पडल्यावर आजींनी चपला खुर्चीखाली सरकवल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "आता सांगते. दोन म्हैनं झालं, रातचं काळीज धडधडतंय. डॉक्टरनं पट्टी काढली, काय न्हाय म्हनत्यात. मग धडधडतंय कशानं?"

माढ्यात समुपदेशनाचं काम करायला लागून अकरा वर्षं होत आली. माझी चौकशी केल्याशिवाय स्वतःचं दुखणं सांगणारी माणसं मला फार थोडी भेटली. शिकताना आम्हाला सांगितलं होतं ते याच्या बरोब्बर उलट. समुपदेशकाने स्वतःबद्दल बोलायचं नाही, त्याने कोऱ्या पाटीसारखं राहायचं. फ्रॉइड तर कोचाच्या मागे, रुग्णाला दिसणार नाही असा बसायचा. दिवसाचे आठ तास लोकांनी आपल्याकडे टक लावून बघावं हे आपल्याला सोसत नाही, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. व्हिएन्नात ते खपलं. इथे मी कोचामागे जाऊन बसले, तर आजी मान वळवून विचारतील, "काय हरावलं का बाई?"

'तुम्ही कुठले' या प्रश्नातून आमच्या माढ्याने विठ्ठलालासुद्धा सोडलेलं नाही. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी पंढरपूरची मूर्ती माढ्यात आणून लपवली, अशी इथली परंपरा. रा. चिं. ढेऱ्यांनी १९८४ साली 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' लिहिलं आणि मूळ मूर्ती ती माढ्याचीच, असं मांडलं. त्यावर झालेला वाद अजून पुरता मिटलेला नाही. देवाची ही गत, तिथे माझी काय कथा!

तर माझं सांगते. वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. बार्शी लाइटची छोटी गाडी, १८९७ सालापासूनची. तिच्या डब्यांवर त्यांचा भारी जीव. पगाराच्या दिवशी मात्र ते घरी कधी येतील याचा नेम नसायचा. आई उंबऱ्यात बसून राहायची आणि आम्ही भावंडं पावलांच्या आवाजावरून ओळखायचो, की आज जेवायचं का गपचूप झोपायचं. अजूनही दारात कुणाची पावलं वाजली, की माझं लक्ष आधी चालीकडे जातं. लोक म्हणतात, बाई बरोबर ओळखतात. ते काही पुस्तकातून आलेलं नाही.

अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. डॉ. अनिता येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. तिथली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, एकेकाळी स्वतः पेशंट म्हणून आलेली माणसं पुढे तिथेच समुपदेशक झाली. तिथे नव्याने आलेला माणूस समोरच्याला गाव विचारत नसेल. तो विचारत असेल, तुम्ही कधी सोडली? उत्तर देणाऱ्याकडे तारीख तोंडपाठ. त्या एका तारखेवर जो विश्वास बसतो तो भिंतीवरच्या सर्टिफिकेटवर बसत नाही. माझ्या वडिलांना तिथे नेईन नेईन म्हणताना राहून गेलं.

पहिल्या वर्षी दारावरच्या पाटीवर 'मानसोपचार' असं लिहिलं होतं. समोरचा चहावाला सांगायचा, माणसं गल्लीच्या तोंडापर्यंत येतात, पाटी वाचतात आणि पुढं जातात. मग पाटी बदलून 'भेटा, बोला' एवढंच ठेवलं. त्यावर एका आप्पांनी विचारलं, "नुसतं बोलायचं पैसं घेता?" घेते. ज्याला जमेल तो देतो. एकाने डाळिंबं आणून दिली होती, ती आंबट निघाली हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

'सर्वसमावेशक' हा शब्द मी पहिल्यांदा एका कार्यशाळेत ऐकला. सभागृह दुसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद. माझी खोली तळमजल्यावर आहे आणि वेळ एसटीच्या वेळापत्रकाने ठरते. शेवटची गाडी चुकेल म्हणून जिचं अर्धं लक्ष घड्याळाकडे आहे, तिला मी काय 'आणखी सांगा' म्हणणार? ऊसतोडीच्या हंगामात तर तेही उपयोगाचं नसतं. टोळ्या पहाटे फडात जातात आणि गाडी भरेपर्यंत दिवस त्यांचा नसतो. मग संध्याकाळी मीच कोप्यांवर जाते. तिथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता', उचल त्या जोडीवर. दोन वर्षांपूर्वी नवरा गेलेली एक बाई भाकरी थापता थापता म्हणाली, "मी आता अर्धा कोयता हाय." मुकादमाच्या वहीत असतंच तसं. पण ती वहीबद्दल बोलत नव्हती. मी बराच वेळ गप्प बसले. तिनेच मग मला विचारलं, "तुमी कुठल्या?" मी गाव सांगितलं, तर त्या शिवारात तिने तीन वर्षांपूर्वी ऊस तोडलेला, नवऱ्याबरोबर. विहीर कुठली, चिंच कुठली, सगळं तिला आठवत होतं. तिचं रडू त्या चिंचेपाशी फुटलं.

मात्र एका मुलाने मला काहीच विचारलं नाही. टेंभुर्णीकडून त्याचा फोन यायचा, मागे हायवेच्या ट्रकांचा आवाज. मी कुठली, लग्न झालंय का, काही नाही. आधी वाटलं, शिकलेला आहे. तिसऱ्या फोनला माझ्या डोक्यात उजेड पडला. आपण गाव विचारलं, की समोरचाही उलटून विचारणार. त्याला मुलगे आवडत होते आणि घरात मुली बघायला सुरुवात झाली होती. सीनाकाठच्या बाईला याचं गाव कळायला किती वेळ लागतो? दोघांचे पाहुणे एकाच लग्नात जेवतात. मी त्याला १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर दिला. तो रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि तिकडचं माणूस त्याच्या आत्याला ओळखत नसणार.

अशा वेळी मला र. धों. कर्वे आठवतात. 'समाजस्वास्थ्य' या आपल्या मासिकात ते वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत. घरात, गावात, वैद्यालाही विचारता येणार नाहीत असे प्रश्न. विचारणाऱ्याला तोंड दाखवावं लागत नव्हतं, सगळी जोखीम उत्तर देणाऱ्यावर. १९३४ साली त्या उत्तरांवरच खटला झाला. डॉ. आंबेडकर त्यांची बाजू मांडायला उभे राहिले, तरी हरले. कर्व्यांनी दंड भरला आणि १९५३ साली जाईपर्यंत मासिक चालवलं. टेंभुर्णीच्या मुलाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, नव्वद वर्षं झाली की." त्याच्या बोलण्यात हिशेब होता का टोमणा, मला कळलं नाही.

आता आडनावाचं. माझं माहेरचं आडनाव एका जातीचं, सासरचं दुसऱ्या. लग्न आम्ही सोलापूरला नोंदणी कार्यालयात केलं. त्यामुळे 'कुठल्या' याचं खरं उत्तर दिलं, की समोरच्याचा चेहरा बदलतो. काहींचा उजळतो, काहींचा मिटतो. सुरुवातीला मी समोरच्याला बघून एकच आडनाव सांगायची. माणसं टिकायची, पण ती त्या एका आडनावापाशी बोलत राहायची आणि मी तास संपायची वाट बघत बसायची. मग ते सोडलं. आता दोन्ही सांगते.

गेल्या हिवाळ्यात एक आण्णा आले. त्यांना विचारून आणि खुणा बदलून लिहिते आहे. पन्नाशी उलटलेली, बागायत चांगली, झोप मात्र अजिबात नाही. मुलीने परस्पर लग्न केलं, त्याला आठ महिने झाले होते. तिचं नाव त्यांनी घेतलं नाही, नुसतं 'ती' म्हणाले. मग नेहमीचा प्रश्न आला. मी दोन्ही आडनावं सांगितली. त्यांनी दोन्ही मनात लावून पाहिली.

"म्हंजे तुमी बी तसलंच केलं?"

"हो, आण्णा."

ते उठले. दारापर्यंत गेले. तिथे माठ आहे. पाणी प्यायले, पेला पालथा घातला, पाठ माझ्याकडेच. मला वाटलं, गेले. पण वळले.

"वडील बोलले का परत?"

"साडेचार वर्षांनी. पोरीच्या बारशाला आले."

"आन् तवर काय करत हुते?"

"मला माहीत नाही. कधी विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत."

आण्णा परत येऊन खुर्चीत बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मी सांगतो," म्हणाले.