संगमावरील नौका आणि आपले आरोग्य

पुण्यात मुळा-मुठेच्या संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ साली स्थापन झाला. तेथील रेगाटा पुणेकरांना सुपरिचित आहे. वल्हवताना केवळ बाहू राबतात, हा समज मात्र अपुरा आहे. शर्यतीच्या नौकेत सरकत्या आसनावर बसून खरा जोर पायांनीच लावावा लागतो. पाठ, पोट व खांदे त्यास साथ देतात. हृदय आणि फुप्फुसे बळकट होतात, शिवाय शरीराचा भार गुडघ्यांवर पडत नाही.

परंतु आज याच नदीत शहराचे सांडपाणी मिसळते. ते पोटात गेल्यास जुलाब वा कावीळ संभवते. जखमेवाटे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शिरू शकतात. म्हणून मुलांना जीवरक्षक जाकीट घालावे, जखम जलरोधक पट्टीने झाकावी, परतल्यावर साबणाने स्नान करवावे. महिनाभरात ताप, पोटऱ्यांत वेदना किंवा डोळ्यांत लाली दिसल्यास विलंब न करता डॉक्टरांकडे जावे आणि नदीच्या पाण्याशी संबंध आल्याचे आवर्जून सांगावे.

क्लब नदीच्या आधारानेच उभा राहिला. ती निर्मळ झाली, तरच हा उत्तम व्यायाम पुढील पिढीस निर्धास्तपणे करता येईल.