पानशेतचं पाणी पुण्यात येतं, पुण्याचं लेक्चर वेल्ह्यात का जात नाही?

लेक्चर रेकॉर्ड करून पोरांना द्या म्हटलं की प्राध्यापक मंडळींचं उत्तर ठरलेलं : "मग वर्गात कोण बसेल?" अहो, आज वर्गात कोण बसूच शकत नाही, ते आधी विचारा. हिरडस मावळातल्या पोराची एसटी चुकली की दिवस गेला. आवणीच्या दिवसांत तो चिखलात, नाहीतर शिरवळच्या कंपनीत पाळीवर. परीक्षेच्या तोंडावर मात्र ७५ टक्के हजेरीचा दांडका त्याच्याच डोक्यात.

पानशेत-वरसगावसाठी वेल्ह्याची शेतं बुडाली, पाणी पुणं पितं. भाटघर भोरचं, भिजतो निरेचा कालवा. खाली सगळं जातं, वर काय येतं?

१९४६ साली बाबासाहेबांच्या सिद्धार्थ कॉलेजने वर्ग सकाळी भरवले, कारण विद्यार्थी दिवसा नोकरी करत. कॉलेजने पोरांच्या पोटाकडे बघून वेळ ठरवली. रेकॉर्डिंगची मागणी त्याच वाटेवरची आहे.

"२०१७ पासून 'स्वयम' आहे की!" आहे, पण बहुतांश इंग्रजीत, आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पेपरला जे येतं त्याच्याशी त्याचा मेळ बसेलच असं नाही. आम्हाला आमच्याच सरांचं, मराठीतलं लेक्चर हवंय. व्हिडिओचा थाटही नको, डोंगरात रेंज कुठंय? तासाभराचा साधा ऑडिओ पंधराएक एमबीत बसतो. भोर स्टँडवर उतरवून घ्यायचा, घाटात ऐकायचा.

पण मित्रांनो, इथंच सावध राहा. "रेकॉर्डिंग आहे, मग प्राध्यापक कशाला?" असं म्हणायला सरकार टपलेलंच आहे. जागा भरल्याच नाहीत की त्यातलं आरक्षण न बोलता मरतं. म्हणून मागणी जोडूनच करायची : रेकॉर्डिंग द्या आणि रिक्त जागाही भरा. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या मास्तरांचा आवाज पुढच्या वर्षी फुकट वाजवायचा नाही. वाजवायचा तर त्यांची परवानगी आणि मानधन. (त्यांच्यात आपलीच नेट-सेट झालेली माणसं आहेत.)

वर्गात जातीवरून टोमणे मारणाऱ्यांना रेकॉर्डिंग नकोसं वाटेल. वाटू द्या.

खर्चाचं रडगाणं ऐकून घेऊ नका, सरांच्या खिशातला फोन पुरतो. याच सत्रात प्राचार्यांना निवेदन द्या, पोच घ्या, एक प्रत विद्यापीठाला पाठवा. "वरून आदेश नाही" म्हणाले, तर तेवढंच लेखी मागा.