पहारेकऱ्याच्या घरातील बिऱ्हाड

क्षयरोगाचा जंतू सापडल्याचे रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे जाहीर केले. याच सुमारास मेसिना येथे एली मेच्निकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लास काटा टोचला असता, त्याच्या अंगातील फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा झाल्या. जंतूंना गिळून शरीराचे रक्षण करणाऱ्या भक्षक पेशींचा विचार येथून रुजला. १९०८ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले.

क्षयजंतूची रीत मात्र निराळी आहे. श्वासावाटे तो फुप्फुसात उतरतो आणि भक्षक पेशी त्यास गिळते. एरवी गिळलेला जंतू पेशीतील एका पिशवीत कोंडला जातो, तीत पाचक रस मिसळतात व जंतू नष्ट होतो. क्षयजंतू हे मिसळणेच रोखून धरतो. पहारेकऱ्याच्याच घरात त्याचे बिऱ्हाड थाटले जाते! रक्तातील प्रतिपिंडांचा तेथे फारसा उपयोग होत नाही.

मग टी-पेशी मदतीस येतात. जंतूची ओळख पटून त्या सज्ज होण्यास काही आठवडे लागतात. त्यांनी सोडलेल्या इंटरफेरॉन-गॅमा या द्रव्यामुळे भक्षक पेशींना बळ येते आणि अडलेले पचन पुन्हा सुरू होते. तरीही उरलेल्या जंतूंना पेशींचा वेढा पडून बारीक गाठ बनते. तीत जंतू वर्षानुवर्षे निपचित राहू शकतात. अशा संसर्ग झालेल्या शंभरांपैकी सुमारे पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी रोग जडतो. मधुमेह, कुपोषण अथवा एचआयव्ही यांमुळे वेढा सैल पडतो.

वाचकहो, यातून दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. संसर्ग म्हणजे रोग नव्हे. म्हणून केवळ त्वचेवरील चाचणीवरून कोणास रोगी ठरवून दूर लोटू नये. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. औषधे सुरू होताच काही आठवड्यांत ताप उतरतो, भूक लागते आणि घरची मंडळी निर्धास्त होतात. परंतु मंदगतीचे जंतू अजून आत दडलेले असतात. उपचार बहुधा सहा महिन्यांचा असतो तो त्यांच्यासाठीच. मध्येच सोडल्यास रोग उलटतो व औषधांना दाद न देणारे जंतू माजू शकतात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला टिकल्यास थुंकी तपासून घ्यावी. लोक काय म्हणतील या धास्तीने आजार झाकून ठेवला, तर त्याची झळ प्रथम घरच्याच माणसांना लागते.